आईची तपासणी आणि मी बाहेर

आई सहा महिन्यांसाठी मिरजेहून आलीये इकडं न्यू जर्सीत, कंबर दुखते म्हणत होती म्हणून गेल्या मंगळवारी डॉक्टरकडं नेलं. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं पेशंट कुठली भाषा बोलतात, मी म्हटलं मराठी, पण दुभाषी नको, मी मुलगा आहे ना. तर म्हणाल्या, दुभाषी आम्ही देतो, पैसे लागत नाहीत. थोड्या वेळात टॅबलेटच्या स्क्रीनवर एक मराठी ताई हजर! आईनं आधी तिलाच विचारलं, "तू गं कुठली?" ती नाशिकची निघाली. मग डॉक्टरबाईंनी मला बाहेर बसायला सांगितलं.

खरं सांगतो, राग आला मला. इन्शुरन्स मी काढला, सुट्टी मी टाकली आणि मीच बाहेर?

गाडीत बसल्यावर आई खिडकीकडं बघत म्हणाली, "आरं दोन वर्षं झाली, खोकला आला की लघवी सुटती. तुला कसं सांगायचं?" दोन वर्षं! दर रविवारी व्हिडिओ कॉल असतो आमचा, पाऊस, लाइट, शेजारच्यांची लग्नं सगळं बोलणं होतं, एवढंच नाही झालं.

रात्री झोप लागेना म्हणून वाचत बसलो. इथं 1964 चा नागरी हक्क कायदा आहे, सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थेनं वंश, रंग, मूळ देश यावरून भेदभाव करायचा नाही. 1974 ला सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळेतल्या चिनी मुलांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं त्याचा अर्थ लावला की भाषा समजत नसलेल्या मुलांना तसंच वर्गात बसवून ठेवणं हाही भेदभावच. 2010 च्या आरोग्य कायद्याचं कलम 1557 हे सगळं दवाखान्यांना लावतं, पेशंट इथला नागरिक नसला तरी. आणि त्याच्या नियमात आहे की इमर्जन्सी सोडून लहान मुलाला दुभाषी म्हणून वापरायचं नाही.

हे वाचलं आणि मिरज आठवली. वॉनलेस डॉक्टरांनी 1894 ला मिशन हॉस्पिटल काढलं तिथपासून आपलं गाव दवाखान्यांचं, अथणी, चिकोडी, जमखंडीकडनं कन्नड बोलणारे पेशंट रोज येतात. कॉलेजात असताना एका दवाखान्यात बघितलेलं, नऊ-दहा वर्षांचा पोरगा आईच्या पाळीचं डॉक्टरांना मोडक्या मराठीत सांगत होता आणि ती माऊली पदर तोंडाला लावून खाली मान घालून बसलेली. तेव्हा मला वाटलेलं, किती हुशार पोरगं!

आपल्याकडं कायदे नाहीत असं नाही. 2017 चा एचआयव्ही कायदा आहे, उपचार नाकारायचे नाहीत, टेस्ट केल्याशिवाय उपचार नाही अशी अट घालायची नाही असं त्यात स्पष्ट आहे. अपंगांसाठी 2016 चा, तृतीयपंथीयांसाठी 2019 चा. पण सगळं तुकड्यातुकड्यानं, भाषेमुळं जिची दातखीळ बसते तिचं काय? मिरजेत कन्नड बोलणाऱ्या सिस्टर, मावश्या कितीतरी आहेत ओ, दवाखान्यानं त्यातल्या एकीला ओपीडीत हेच काम दिलं, वर चार पैसे दिले, तरी त्या पोराला बाहेर खेळता येईल. त्यासाठी कायद्याची वाट कशाला बघायची?

आईला आता व्यायाम दिलेत, रोज सकाळी करते. पुढची तारीख वीसला आहे, तीच नाशिकची पोरगी मिळंल का म्हणून तिनं आत्ताच मला फोन करायला लावलाय.