तरीही हार्रर वाचा

हिमालयावरचं एखादं पुस्तक सुचवा म्हटलं की मी ऑस्ट्रियन गिर्यारोहक हाइनरिश हार्ररचं ‘सेव्हन इयर्स इन तिबेट’ सांगतो. त्यावर हल्ली हमखास विचारलं जातं, “पण तो नाझी होता ना? मग कशाला वाचायचं?”

होय, होता. 1938 साली आल्प्समधल्या आयगर शिखराची उत्तर भिंत पहिल्यांदा चढून गेलेल्या चौघांपैकी तो एक, आणि त्याच वर्षी तो एसएस या नाझींच्या निमलष्करी संघटनेत दाखल झाला. 1952 च्या पुस्तकात एसएसचा उल्लेखही नाही. 1997 मध्ये ही गोष्ट जगजाहीर झाली. हे मौन मला खुपतं. पुस्तक कुणाच्या हाती देताना मी हे आधी सांगतो आणि मगच पुढचं बोलतो.

1939 मध्ये नंगा पर्बतची टेहळणी करून परतताना युद्ध सुरू झालं आणि इंग्रजांनी त्याला पकडलं. सुरुवातीची कैद आमच्या नगरला झाली. तिथून गोव्यात, पोर्तुगीज हद्दीत, पळून जायचा विचार होता. पण रवानगी डेहराडूनला झाली आणि तिबेट जवळ आलं. 1944 च्या एप्रिलमध्ये तारेच्या कुंपणाची डागडुजी करणाऱ्यांच्या वेशात सात जण बाहेर पडले. त्यातले दोघेच, हार्रर आणि त्याचा मोहिमेतला साथीदार पेटर आउफश्नायटर, चांगथांग पठाराच्या थंडीतून 15 जानेवारी 1946 ला ल्हासाला पोचले.

ते पोचले कसे, याला माझ्या लेखी फार महत्त्व आहे. 1904 मध्ये ब्रिटिश अधिकारी यंगहजबंड ल्हासात शिरला तो फौज घेऊन. या दोघांकडे परवाना नव्हता, पैसे संपलेले, अंगावर चिंध्या. परक्यांना बंदी असलेल्या त्या शहरात एका सरदाराने त्यांना घरात घेतलं. दुसऱ्याच्या दारात असा उभा राहिलेला माणूस घरमालकाची रीतभात लक्ष देऊन पाहतो, आणि पुस्तकातलं ल्हासा तसंच पाहिलेलं आहे. त्साम्पा म्हणजे भाजलेल्या जवाचं पीठ, लोण्याचा चहा, सणांची गर्दी, सरदारांच्या घरातले मानपान, सगळं तपशिलाने येतं. नदीच्या पुरापासून नोर्बुलिंगका हा दलाई लामांचा उन्हाळी राजवाडा वाचवायला बांध घालायचं काम हार्ररकडे आलं, तेव्हा फावड्यावर गांडूळ दिसलं की काम थांबायचं. आधी तो जीव सुरक्षित जागी ठेवायचा, मग खोदकाम पुढे. वंशश्रेष्ठतेच्या संघटनेतून आलेला माणूस इथे इतरांच्या पद्धतीने माती उचलायला शिकतो. त्याने त्याचं आधीचं पाप धुतलं जातं असं मी म्हणणार नाही. पण ते पान वगळून तिबेट समजून घेता येईल, असंही मला वाटत नाही.

कोवळ्या दलाई लामांना इंग्रजी नि भूगोल शिकवण्याचा भाग सगळ्यांना ठाऊक असतो. त्याआधीची, नेपाळ सीमेजवळच्या क्यिरोंगच्या खोऱ्यातली प्रकरणं मला जास्त आवडतात.

आणि जमलं तर आउफश्नायटरही वाचा. तो शेतीतला जाणकार, नंगा पर्बत मोहिमेचा नेता. ल्हासाचा नकाशा त्याने मोजमाप घेऊन काढला. हार्रर 1951 मध्ये तिबेटमधून निघाला, हा मागे राहिला, मग नेपाळला गेला. स्वतःबद्दल तो फारसं बोलला नाही. त्याच्या आठवणी छापून आल्या त्या 1973 मध्ये तो गेल्यानंतर.