इंचभर स्क्रीनवर ‘निम्मी’ लिहिताना

साताऱ्याच्या घरी आमच्या स्वयंपाकघरात फ्रिजच्या शेजारी भिंतीवर एक छोटी डबी लावलीये, तिच्यात ०.९६ इंची ओएलईडी स्क्रीन आहे आणि गच्चीवरच्या टाकीत पाणी किती आहे ते तिच्यावर दिसतं. टाकीची पातळी दाखवायचा प्रोजेक्ट काही नवीन नाही, अर्दुइनो, म्हणजे प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड, हातात आलेला जवळजवळ प्रत्येक जण कधी ना कधी तो करतोच. मला लिहायचंय ते त्या स्क्रीनबद्दल, आणि त्यातही स्क्रीनवर धड मराठी शब्द आणताना काय काय करावं लागलं त्याबद्दल.

पहिली डबी केली तेव्हा त्यावर इंग्रजीत ‘टँक’ आणि पुढे ५४ टक्के असं यायचं. मी पुण्याहून शनिवारी ती घेऊन गेले, लावली, बाबा खूष, आई खूष. पण आई-बाबा दोघंही सकाळी आठलाच बाहेर पडतात, नळाला पाणी येतं ते खालच्या हौदात, आणि मोटर चालू करायचं काम आजीचं. आजी चष्मा लावून रोजचा पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते, पण इंग्रजी तिला येत नाही. दोन दिवसांनी फोनवर म्हणाली, “अगं, हे चोपन्न म्हणजे मी काय समजू? टाकी निम्मी आहे का भरत आलीये ते लिही की सरळ.” आणि तिचं अगदी बरोबर होतं. आपल्याकडे पाव, निम्मी, पाऊण असे शब्द असताना मोटर बंद करायला टक्क्यांचा आकडा कशाला लागतो? तेव्हाच ठरवलं की स्क्रीनवर निम्मी असं लिहूनच दाखवायचं.

आधी मॉड्यूलबद्दल, म्हणजे स्क्रीन आणि तिची चिप बसवलेल्या छोट्या बोर्डाबद्दल, थोडं सांगते, कारण नवीन लोक इथेच अडकतात. आपल्याला मिळतं ते बहुतेक वेळा सॉलोमन सिस्टेकच्या एसएसडी१३०६ चिपवर चालणारं १२८ बाय ६४ ठिपक्यांचं असतं, म्हणजे एकूण ८१९२ ठिपके. एलसीडीसारखा मागे दिवा नसतो, प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो, त्यामुळे काळा म्हणजे खरोखर बंद, आणि अंधाऱ्या स्वयंपाकघरातसुद्धा अक्षरं लांबून स्वच्छ दिसतात. ठिपके पेटवायला सात-साडेसात व्होल्ट लागतात पण ते चिप आतल्या आत ३.३ वरून बनवून घेते, म्हणून आपल्याला फक्त चार वायरी जोडायच्या: पॉवर (बोर्डावर व्हीसीसी), ग्राउंड, आणि स्क्रीनशी बोलायच्या दोन, एससीएल, एसडीए; या दोन वायरींवर बोलायच्या पद्धतीला आय-टू-सी म्हणतात. आता या चारांचा क्रम. काही मॉड्यूलवर आधी ग्राउंड मग व्हीसीसी असतं, काहींवर उलट, आणि दोन्ही दिसायला अगदी सारखी. मी आधीचं काढून त्याच सॉकेटमध्ये दुसरं लावलं, बोटाला गरम लागलं म्हणून लगेच उपसलं, पण ते पुन्हा काही चालू झालं नाही. तेव्हापासून प्रत्येक नवीन मॉड्यूलवर छापलेली अक्षरं वाचल्याशिवाय मी हात लावत नाही.

दुसरी अडचण ॲड्रेसची, म्हणजे ज्या नंबरने अर्दुइनो स्क्रीनला हाक मारतो त्याची. बोर्डाच्या मागे ०एक्स७८ छापलेलं असतं, तुम्ही तोच कोडमध्ये टाकता आणि स्क्रीन काळीच राहते. खरा ॲड्रेस ०एक्स३सी असतो. दोन्ही एकच आहेत, फक्त बोर्डावर छापताना शेवटी वाचा-लिहायचा एक बिट धरून आठ बिट्समध्ये लिहिलेलं असतं आणि लायब्ररीला (स्क्रीन चालवायच्या तयार कोडला) सात बिट्सचा लागतो. मागचा रेझिस्टर हलवला असेल तर ०एक्स३डी. जोडलेल्या मॉड्यूलचा ॲड्रेस शोधून देणारं आय-टू-सी स्कॅनरचं छोटं स्केच (अर्दुइनोचा प्रोग्राम) आधी चालवून बघा, पाच मिनिटांचं काम आहे आणि अख्खी संध्याकाळ वाचते.

आणि मोठी हवी म्हणून १.३ इंची मागवली असेल तर ती बहुतेक एसएच११०६ या दुसऱ्या चिपवर चालते, पाकिटावर काहीही लिहिलेलं असो. माझ्याकडे आलेल्या पाकिटावर एसएसडी१३०६ चं लेबल होतं. एसएच११०६ ची मेमरी १३२ कॉलमची, स्क्रीन १२८ ची, म्हणजे चित्र दोन ठिपके सरकतं, शिवाय एसएसडी१३०६ ला सगळा डेटा सलग पाठवता येतो तसा हिला पाठवता येत नाही, एकेक पान, म्हणजे आठ ओळींची पट्टी, सांगून भरावं लागतं. त्यामुळे कोडमध्ये चुकीच्या चिपचा ड्रायव्हर लावला की पडद्यावर टीव्हीवरच्या मुंग्यांसारखे ठिपके दिसतात आणि वाटतं मॉड्यूल खराब आलं. ते चांगलंच असतं, परत पाठवू नका, आधी ड्रायव्हर बदला.

आता मेमरी. मी वापरला तो अर्दुइनो नॅनो बोर्ड, त्यात रॅम २०४८ बाइट. स्क्रीनचं एक पूर्ण चित्र म्हणजे ८१९२ ठिपके भागिले आठ, १०२४ बाइट, म्हणजे निम्मी रॅम तिथेच गेली. ॲडाफ्रूटची लायब्ररी ही जागा प्रोग्राम सुरू झाल्यावर मागते, त्यामुळे कंपाइल करताना सगळं ठीक दिसतं आणि चालवल्यावर स्क्रीन काळी, कॉम्प्युटरवर बोर्डाचे मेसेज दाखवणारा सिरियल मॉनिटर उघडला असेल तर अलोकेशन फेल्ड (जागा मिळाली नाही) असा मेसेज. मी नॅनोवर यू८जी२ लायब्ररी वापरली, तिच्यात पान-पान करून चित्र काढायची सोय आहे, १२८ बाइटमध्ये काम भागतं, फक्त तुमचा चित्र काढायचा कोड एका चित्रासाठी आठ वेळा चालतो. हे नीट कळलं नव्हतं तेव्हा मी सेन्सरचं रीडिंग त्या लूपच्या आतच घेत होते, मग काय व्हायचं तर आकड्याचं डोकं एका रीडिंगचं आणि पाय दुसऱ्या रीडिंगचे, ५ आणि ६ मिळून काहीतरी तिसरंच. रीडिंग लूपच्या बाहेर एकदाच घ्यायचं, झालं.

तर आता निम्मी.

यू८जी२ मध्ये युनिफॉन्ट नावाच्या ठिपक्यांच्या फॉन्टमधली देवनागरी आहे हे बघून मला फार आनंद झाला होता. मी युनिकोड अक्षरं वाचणारं यूटीएफ-८ वालं फंक्शन लावून ‘भरली’ लिहिलं, आलं. जरा सुटं सुटं पण वाचता येत होतं. मग ‘रिकामी’ लिहिलं तर वेलांटी र च्या आधी न येता र च्या नंतर आली, क ला चिकटल्यासारखी. आणि ‘निम्मी’ लिहिल्यावर तर आधी न, मग त्याची वेलांटी, मग म, मग पायमोडका हलन्त, मग परत म, मग दुसरी वेलांटी, सगळे एका ओळीत उभे. शब्दच राहिला नाही तो.

हा लायब्ररीचा दोष नाही हे नीट समजून घ्यायला हवं. युनिकोडमध्ये नि साठवताना आधी न आणि नंतर ऱ्हस्व वेलांटी असाच क्रम असतो, आपण उच्चारतो तसा. डोळ्यांना मात्र वेलांटी आधी दिसायला हवी. म्मी म्हणजे म, हलन्त, म आणि दीर्घ वेलांटी. यातून जोडाक्षर करायचं, वेलांटी मागून पुढे आणायची, रफार उचलून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर ठेवायचा, ही सगळी कामं मोबाइलमध्ये आणि कॉम्प्युटरमध्ये एक वेगळा प्रोग्राम करतो, हार्फबझ वगैरे, आणि मग फॉन्टमधून तयार जोडाक्षर उचलून ठेवतो. नॅनोच्या ३२ केबी फ्लॅशमध्ये, म्हणजे प्रोग्राम साठवायच्या मेमरीत, हे कुठे बसणार. इंग्रजीला ही भानगडच नाही, एक अक्षर एक चित्र, ओळीने ठेवत जा. पडद्यावर रोज मराठी वाचतो पण मागे एवढं काम चाललेलं असतं हे मला त्या रात्री पहिल्यांदा दिसलं, आणि ज्यांनी कुणी हे आपल्या लिपीसाठी करून ठेवलंय त्यांच्याबद्दल फार आदर वाटला.

मग उपाय काय, तर शब्दच चित्र म्हणून ठेवायचा. मला लागणारे शब्द होते सहा: रिकामी, पाव, निम्मी, पाऊण, भरली, आणि ‘मोटर बंद करा’. कॉम्प्युटरवर गिम्प या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये १२८ बाय ४० ठिपक्यांचं पान घेतलं, ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्यांच्या मुक्त फॉन्टमध्ये शब्द लिहिला, कॉम्प्युटरने जोडाक्षर वेलांटी सगळं बरोबर बसवून दिलं, मग ते नुसतं काळं-पांढरं करून एक्सबीएम या फॉरमॅटमध्ये सेव्ह केलं, त्यात दर ठिपक्याला एक बिट. एका ओळीचे सोळा बाइट, चाळीस ओळी, म्हणजे एक शब्द ६४० बाइट. सहा शब्द चार केबीच्या आत. हे रॅममध्ये नाही, फ्लॅशमध्येच ठेवायचं, आणि मग यू८जी२ मध्ये ड्रॉ एक्सबीएमपी वापरायचं, त्या शेवटच्या पी कडे लक्ष द्या, तो विसरलात तर नॅनो फ्लॅशऐवजी रॅममधून वाचतो आणि नुसता कचरा दिसतो.

दुसऱ्या एका लायब्ररीत तेच चित्र टाकून बघितलं तेव्हा अजून एक प्रकार दिसला. शब्द साधारण जागेवर, पण जणू कुणी आठ-आठ ठिपक्यांच्या उभ्या पट्ट्या कापून प्रत्येक पट्टी उलटी चिकटवलीये. एक्सबीएममध्ये बाइटचा सगळ्यात खालचा बिट डावीकडचा ठिपका असतो, साध्या बिटमॅपवाल्या फंक्शनमध्ये सगळ्यात वरचा. असं दिसलं की चित्र पुन्हा बनवत बसू नका, फंक्शन बदला.

आणि काळं-पांढरं केल्यावर काम संपत नाही, खरं म्हणजे तिथेच सुरू होतं. कागदावर सुंदर दिसणारा फॉन्ट एका बिटमध्ये आणला की बारीक रेषा गायब होतात. साधं वजन घेतलं होतं तर म मधली गाठ बुजली आणि तो भ आहे का म कळेना. मग ठळक वजन घेतलं आणि ८०० टक्के झूम करून एकेक ठिपका हाताने दुरुस्त केला. शिरोरेषा तीन ठिपके जाड ठेवली, दोनची केली तर लांबून तुटक वाटते. म्म मध्ये पहिल्या म चा अर्धा भाग आणि दुसऱ्याची गाठ यांच्यात निदान दोन ठिपके मोकळे लागतात, नाहीतर तिथे पांढरा गोळा होतो. पाऊणच्या ऊ ने सगळ्यात जास्त वेळ घेतला, त्याचं शेपूट ण ला जाऊन भिडत होतं, शेवटी ऊ च थोडा अरुंद केला. वर वेलांटीला आणि खाली उकाराला जागा सोडावी लागते म्हणून इंग्रजीपेक्षा उंची जास्त लागते, हे आधीच धरून चाला.

पिवळी-निळी मिळते ती स्क्रीन घेतली असेल तर वरच्या १६ ओळी कायमच्या पिवळ्या आणि खालच्या ४८ निळ्या, रंग कोडमधून बदलत नाही, मध्ये बारीक फटही असते. माझा पहिला शब्द मध्यावर ठेवला तर वेलांट्यांची वळणं पिवळी आणि अक्षरं निळी. पण हीच स्क्रीन मग मला जास्त आवडली, वरच्या पिवळ्या पट्टीत पातळीची आडवी रेघ, खाली निळ्यात शब्द.

वायरीचं पटकन सांगते. सुरुवातीला नॅनो गच्चीवर आणि ओएलईडी खाली स्वयंपाकघरात, मध्ये लॅनची केबल, असं केलं होतं. आय-टू-सी एवढ्या लांब न्यायची नसते, वायरीची मिळून कपॅसिटन्स (वायर लांबली की वाढते आणि सिग्नल मंदावते ती) ४०० पिकोफॅरडच्या आत राहायला हवी, आणि त्यात मोटर सुरू झाली की स्क्रीन गोठायची, नेमकी पातळी बघायची तेव्हाच. आता वर एक ईएसपी८२६६ हा वायफायवाला बोर्ड आणि खाली एक, दोघं ईएसपी-नाऊ या बिनतारी पद्धतीने बोलतात, आणि स्क्रीनची वायर बोटभर. ईएसपीत रॅम भरपूर, पान-पान करायची गरज राहिली नाही.

पहिल्या डबीचं एक मात्र मनाला लागलं. ती दिवसरात्र चालू ठेवली होती, वर्षभराने काढून पूर्ण पडदा पांढरा करून बघितला तर जिथे ‘टँक’ लिहिलेलं असायचं तिथे तेवढी अक्षरं मंद. जळत नाही काही, सतत पेटलेले ठिपके वापरून वापरून म्हातारे होतात आणि बाकीचे ताजे राहतात म्हणून फरक दिसतो. त्यामुळे आता पातळी बदलली किंवा बटण दाबलं की एक मिनिट स्क्रीन चालू, मग बंद, कॉन्ट्रास्ट कमी ठेवलाय, आणि शब्द दर वेळी एक-दोन ठिपके इकडे तिकडे सरकवते. मोटर चालू असते तेव्हा मात्र सलग चालू, कारण आजी ओट्याशी काम करता करता मान वर करून बघते, तिला तेव्हा बटण दाबायला लावायचं नाही.

नवीन डबी लावली त्या दिवशी आजी खुर्ची ओढून समोर बसली. हौदातून पाणी चढत होतं, पाव गेलं, थोड्या वेळाने निम्मी आलं. तिने मोठ्याने वाचलं, “निम्मी.” मग चष्मा वर-खाली करून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “सगळं छान आहे, पण न ची वेलांटी आखूड वाटते गं, काना नुसताच उभा राहिलाय.”

मी लॅपटॉप उघडला. खरंच वळण न च्या डोक्यापर्यंत पोचतच नव्हतं. दोन ठिपके वाढवले आणि तिच्यासमोरच पुन्हा अपलोड केलं.