कालिम्नोसला क्लाइंबिंगला जाताय? ८० मीटरचा रोप न्या

ऑक्टोबरमधे आम्ही पुण्याचे चौघं ग्रीसच्या कालिम्नोस बेटावर आठ दिवस क्लाइंबिंग करून आलो, कुणी जाणार असेल तर उपयोग होईल म्हणून लिहितोय. अथेन्सहून विमानाने शेजारचं कोस बेट, तिथून टॅक्सीने मास्तिखारीचा धक्का, मग बोटीने कालिम्नोसचं पोथिया बंदर. राहायचं मात्र मासुरी गावात, तिथून बरेचसे कडे चालत गाठता येतात.

पूर्वी हे स्पंज काढणाऱ्या पाणबुड्यांचं बेट, १९९६ मधे फिरायला आलेल्या आंद्रेआ दि बारी या इटालियन क्लाइंबरच्या नजरेत इथला चुनखडीचा कातळ भरला आणि आता तीन हजारांवर बोल्टेड रूट (कातळात आधीच बोल्ट ठोकलेल्या चढाईच्या वाटा) आहेत. आपल्या सह्याद्रीच्या बेसॉल्टची सवय असली की पहिला दिवस जडच जातो. ग्रांदे ग्रोत्ता नावाच्या अवाढव्य गुहेच्या छतापासून चुनखडीचे झुंबरासारखे तुफा लोंबतात, त्यांना केळीच्या खोडाला मिठी मारावी तसं गुडघ्यांत आवळून वर जायचं. बोटं राहिली बाजूला, मांड्या आणि दंडच आधी भरून येतात! पण काय जागा आहे, मागे वळून पाहिलं की खाली निळंशार पाणी आणि समोर तेलेंदोस बेट.

आता महत्त्वाचं. आमचा रोप ७० मीटरचा होता (खाली सोडताना तो वर जाऊन परत येतो, म्हणजे जेमतेम ३५ मीटरच्या रूटला पुरतो), आणि तिसऱ्या दिवशी गाईडबुकात लांबी न बघताच आम्ही एका रूटला भिडलो. मित्राला खाली सोडत होतो आणि तो जमिनीपासून पुरुषभर उंचीवर असताना रोपच संपला, शेवटची गाठ माझ्या बिले डिव्हाइसला (खालून रोप धरून ठेवायच्या साधनाला) येऊन थडकली. मी शेजारच्या दगडावर चढलो तेव्हा कुठे त्याचे पाय टेकले. ती गाठ नसती तर रोप सटकन निसटला असता, माझे हात नंतर कितीतरी वेळ थरथरत होते. म्हणून सांगतो, ८० मीटरचाच न्या, टोकाला गाठ रोज मारा, नवखेपणाचं वाटलं तरी पार्टनरला विचारा "गाठ मारलीस ना?"

मासुरीवरचे कडे पश्चिमेकडे तोंड करून आहेत, दुपारपर्यंत सावली असते तेव्हा सकाळी लवकर निघा. क्विकड्रॉ (बोल्टला रोप अडकवायच्या जोडकड्या) सोळा-अठरा तरी हवेत. हेल्मेट खाली उभ्या असलेल्यानेही घाला कारण वर शेळ्या फिरतात आणि दगड पाडतात. स्कूटर घ्यायची असेल तर इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट भारतातूनच काढून न्या. एक सुट्टीचा दिवस ठेवाच, मासुरीजवळच्या मिर्तिसहून छोट्या बोटीने तेलेंदोसला जा, दहा मिनिटं लागतात.