ट्रायकोग्रामाचं वर्गीकरण: नर सापडेपर्यंतचा खटाटोप

ऊस लावणाऱ्यांनी ट्रायकोकार्ड, म्हणजे किडीवर उपाय म्हणून शेतात लावायचं कार्ड, पाहिलेलंच असतं. त्यावरच्या पतंगाच्या अंड्यांतून जो ट्रायकोग्रामा निघतो, तो म्हणजे किडींच्या अंड्यांत आपली अंडी घालून त्यांना मारणारा परजीवी कीटक, जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. पीएच.डी.साठी या प्रजातीतल्या भारतीय जाती नव्याने तपासायला घेतल्या, तेव्हा भाऊ म्हणाला, "कार्डावर नाव छापलेलं असतं की!"

त्या नावाचीच तर गंमत आहे. आपल्याकडच्या या किड्याला वर्षानुवर्षं 'ऑस्ट्रॅलिकम' म्हणत. मग 'कन्फ्यूझम' आलं, आणि १९७९ साली कीटकशास्त्रज्ञ नागरकट्टी आणि नागराजा यांनी दाखवलं की हा जपानी कीटकशास्त्रज्ञ इशीने १९४१ मध्ये वर्णन केलेला 'चिलोनिस'च आहे. जात ओळखायची तर नराचं जननांग बघा, हेही त्या दोघांनीच १९७१ मध्ये ठासून मांडलं. रंगावर विसंबता येत नाही; तो तापमानाप्रमाणे बदलतो.

म्हणजे सगळा खेळ स्लाइडचा. नर आधी कॉस्टिक पोटॅशमध्ये पारदर्शक करायचा, अल्कोहोलमधून, लवंगतेलातून काढायचा आणि कॅनडा बाल्समच्या थेंबात सरळ झोपवायचा. हलवायला काडीच्या टोकाला चिकटवलेला पापणीचा केस. सुई त्याच्यापुढे पहार वाटते. कव्हरस्लिप टेकवताना गडी कलंडला की जननांग कडेवरून दिसतं, म्हणजे ओळख पटवायला निरुपयोगी. पंखा बंद, खिडक्या बंद, तेही मे महिन्यात.

एका शेतातल्या अंड्यांनी मात्र फार छळलं. पिढ्यामागून पिढ्या नुसत्या माद्या! हा वोल्बॅकिया जिवाणूचा प्रताप: तो अंगात असला की मादी नराशिवायच मुली जन्माला घालते. शेवटी मधात टेट्रासायक्लिन मिसळून माद्यांना चाटवलं. काही पिढ्यांनी नर दिसू लागले. स्लाइड केली, तर चिलोनिसच! जाती ओळखायला वापरतात तो डीएनएचा आयटीएस-२ तुकडाही तेच सांगत होता. मी मनातल्या मनात नव्या जातीचं बारसं उरकून टाकलं होतं. माझ्या मार्गदर्शक बाई म्हणाल्या, "बरं झालं, एक नाव वाचलं."

आता ओळखतक्ता, म्हणजे एकेका लक्षणावर फाटे फोडत जातीपर्यंत नेणारी यादी, ज्युनिअर्सच्या हातात दिलाय. तिसऱ्या फाट्यावर सगळे अडकतात, कारण तिथे 'किंचित रुंद' असं लिहिलंय. तिथे आता मोजमाप टाकतेय.