फुगला तो नवा कपॅसिटर

व्हॉल्व्हवर (काचेच्या निर्वात नळ्यांवर) चालणाऱ्या अँप्लिफायरच्या ज्या ट्रान्सफॉर्मरवर ३५०-०-३५० असे लिहिलेले असते, त्याला डायोड जोडून मिळणारा दाब ३५० व्होल्ट नसून सुमारे ४९५ व्होल्ट असतो. व्हॉल्व्ह तापून प्रवाह ओढू लागेपर्यंत तो खाली येत नाही, आणि घरात २३०ऐवजी २५० व्होल्ट येत असतील तर तो ५३८ पर्यंत चढतो. वीज साठवून हा दाब स्थिर ठेवणारे, दुकानात सहज मिळणारे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बहुधा ४५० व्होल्टांवर थांबतात. म्हणून मी २२० मायक्रोफॅरड, ३५० व्होल्टांचे दोन कपॅसिटर एकसर जोडले. धारिता ११० झाली आणि मर्यादा, माझ्या हिशेबाने, ७०० व्होल्ट.

त्यांतला एक जुन्या यंत्रातून काढलेला होता, दुसरा कोरा. काही आठवड्यांनी फुगला तो कोरा, आणि याचे कारण कळायला मला फार वेळ लागला. यंत्र चालू होताना दाब धारितेच्या व्यस्त प्रमाणात वाटला जातो, पण पुढे तो कोणाच्या वाट्याला किती येणार हे लीकेज, म्हणजे कपॅसिटरमधून सतत झिरपणारा बारीकसा प्रवाह, ठरवते. एकसर जोडणीत दोघांतून प्रवाह सारखाच वाहत असल्यामुळे, ज्याचे लीकेज जास्त त्या जुन्या कपॅसिटरला तेवढ्या प्रवाहासाठी थोडाच दाब पुरतो आणि उरलेला सगळा भार चांगल्या कपॅसिटरवर पडतो.

यावर उपाय म्हणजे प्रत्येक कपॅसिटरला समांतर २२० किलोओहमचा रेझिस्टर लावणे. ५०० व्होल्टांवर या साखळीतून सुमारे १.१४ मिलिअँपियर प्रवाह वाहतो. मग दोन कपॅसिटरांच्या लीकेजमध्ये ०.१ मिलिअँपियरचा फरक असला, तरी मधला बिंदू जेमतेम ११ व्होल्ट सरकतो. प्रत्येक रेझिस्टरमध्ये ०.२८ वॅट उष्णता निर्माण होते, म्हणून पाव वॅटचा वापरू नये, एक वॅटचा घ्यावा. वीज बंद केल्यावर साठलेला भारही याच वाटेने ओसरतो, मात्र व्हॉल्व्ह थंड असतील तर ५०० व्होल्ट ५० पर्यंत उतरायला जवळजवळ दोन मिनिटे लागतात, तेव्हा मीटरने मोजल्याखेरीज आत हात घालू नये.

वरच्या कपॅसिटरचे अ‍ॅल्युमिनियमचे कवच चॅसीच्या (यंत्राच्या धातूच्या सांगाड्याच्या) तुलनेत सुमारे २५० व्होल्टांवर असते, हे मी नंतर शिकलो. धातूच्या पट्टीने तो चॅसीवर आवळण्याआधी त्यावरचे प्लॅस्टिक कुठे फाटलेले नाही ना, हे आता मी दिव्याखाली धरून पाहतो.