आमची वाटचाल : वळणांच्या रस्त्यांचे आराखडे

आमचा धंदा लोकांच्या पटकन लक्षात येत नाही. आम्ही मोटारसायकली भाड्याने देत नाही की पुढे चालणारा गाईडही देत नाही. लांब पल्ल्याच्या, नागमोडी रस्त्यांच्या सहलीचा आराखडा आखून देतो, कागदावर आणि जीपीएक्स फाईलमध्ये, म्हणजे जीपीएस यंत्रात भरायच्या रस्त्याच्या फाईलमध्ये. पुढे रायडर स्वतःच्या भरवशावर निघतो. पैशाची गोष्ट निघाली की आजही ऐकून घ्यावं लागतं, "रस्ता तर मोबाईल दाखवतो की!" मोबाईल लवकर पोचवणारा रस्ता दाखवतो. आमच्याकडे येणाऱ्याला लवकर पोचायचंच नसतं.

सुरुवात दोघांची. माझे भागीदार पेशाने सर्व्हेअर. नकाशावरच्या समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, बघून ते सांगायचे, "हा उत्तरेकडचा उतार आहे. सकाळी उशिरापर्यंत ऊन नाही, रस्ता ओला असणार. हा टप्पा दुपारी ठेवा." त्यांच्याकडे नकाशावरून फिरवायचं एक छोटं चाक होतं, पितळी दांड्याचं, वर घड्याळासारखी तबकडी. १:२००००० च्या नकाशावर, म्हणजे एका सेंटिमीटरला दोन किलोमीटर, ते रस्त्याच्या रेषेवरून फिरवलं की काटा अंतर दाखवतो. पण हेअरपिनच्या, म्हणजे पार उलट फिरणाऱ्या वळणाच्या, जागी नकाशातली रेषाच सरळ केलेली असते, आणि उरलेली वळणं चाक कापून जातं. म्हणून डोंगरातलं माप ते नेहमी वाढवून धरत. संगणक आला तरी चाक टेबलावरच राहिलं. माझं आजही म्हणणं आहे की पहिला आराखडा मोठ्या कागदी नकाशावरच करावा. पडद्यावर एका वेळी एक खिंड दिसते. शेजारच्या दरीतून जाणारा जास्त चांगला रस्ता दिसतच नाही.

दिवसाचं गणित किलोमीटरवर करू नका, तासांवर करा. डोंगरात थांबे धरून ताशी ४० चा वेग पडला तरी पुष्कळ. म्हणजे २५० किलोमीटरचा दिवस हा भरलेला दिवस झाला. नवीन माणूस ४५० मागतो. आम्ही देत नाही, मग तो रागावतो. रागावू दे.

आमच्या जुन्या गिऱ्हाईक एक बाई आहेत. आम्ही सगळे त्यांना ताई म्हणतो. त्यांची एक सिलिंडरची गाडी, टाकी लहान. त्यांच्या टाकीवरूनच आम्ही नियम केला की रेंजच्या, म्हणजे भरल्या टाकीत गाडी जेवढं जाते त्याच्या, दोन-तृतीयांशावर पंप आलाच पाहिजे, कारण चढावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये पेट्रोल कसं जातं हे मैदानातल्या मायलेजवरून कळत नाही. प्रत्येक सहलीनंतर ताई आमचं रोडबुक, म्हणजे कागदावरचा आराखडा, परत पाठवतात, समासात पेन्सिलीने लिहून. "आत गेल्यावर वळण आवळतं." "डाव्या कडेला बारीक खडी." "इथे थांबायला सांगितलंत, पण साइड स्टँड टेकायला सपाट जागा नाही." शेवटच्या शेऱ्यासाठी आम्ही तो थांबाच हलवला. आमच्या आराखड्यांतली निम्मी अक्कल त्या समासातून आलेली आहे.

मधली काही वर्षं धंदा नीट चालला. त्याबद्दल सांगण्यासारखं विशेष काही नाही.

मग एक मंडळी गिऱ्हाईक म्हणून आली. वेगवेगळ्या नावांनी एकामागून एक आराखडे घेतले, आणि पुढच्या मोसमात तेच आराखडे स्वतःच्या नावाने स्वस्तात विकायला काढले. आम्हाला कळलं ते रोमानियातल्या ट्रान्सफागाराशानवरून. २०४२ मीटरवर चढणाऱ्या या रस्त्याच्या माथ्यावर, बुलेआ तलावापाशी, जवळजवळ ९०० मीटरचा बोगदा आहे. आत गारठा आणि ओल, बाहेर पडताना हेल्मेटच्या काचेवर वाफ धरते. बोगद्याच्या तोंडाशी थांबणं धोक्याचं, मागून येणाऱ्याला तुम्ही दिसत नाही. म्हणून भागीदारांनी थोडं पुढे एक बिंदू टाकून ठेवला होता, नाव दिलं होतं "का. पु.", काच पुसा. त्या मंडळींच्या फाईलमध्ये नेमक्या त्याच जागी तोच बिंदू, नावही "का. पु."! अर्थ विचारणाऱ्या रायडरला त्यांना उत्तर देता आलं नाही.

चोरी एवढ्यावर थांबली असती तर सोसली असती. त्यांनी आमचे ट्रॅक रूटमध्ये बदलून विकले. जाणकारांना हे सांगायला नको, पण नवख्यांनी लक्षात ठेवावं : ट्रॅक म्हणजे आखलेली पक्की रेघ. रूट म्हणजे काही बिंदू, ते जोडायचे कसे हे यंत्र आपल्या सेटिंगप्रमाणे ठरवतं. बिंदू विरळ असले की यंत्र तुम्हाला खिंडीतून काढून खालच्या महामार्गावर नेऊन सोडतं. तसंच झालं. शिवाय ट्रान्सफागाराशानचा वरचा भाग हिवाळ्यात बंद होतो आणि साधारण जूनअखेरीपर्यंत उघडत नाही, ही सूचना आमच्या रोडबुकात होती, फाईलमध्ये नव्हती. त्यांचे रायडर मे महिन्यात जाऊन बंद फाटकापाशी उभे राहिले. परत आल्यावर बोंब आमच्या नावाने, कारण मूळ आराखडे आमचे हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मागणी बसली. भागीदार म्हणाले, "मला नकाशे काढायला आवडतात, भांडायला नाही," आणि बाजूला झाले. त्यांचा मला राग नाही. त्यातच २०२० उजाडलं, सीमा बंद झाल्या. घेतलेली आगाऊ रक्कम आम्ही सगळ्यांना परत केली. त्या मंडळींनी केली नाही, हेही इथे लिहून ठेवतो.

ताईंनी मात्र पैसे परत घेतले नाहीत. "पुढच्या सहलीचे समजा," म्हणाल्या. वर आपल्या ओळखीच्या रायडरना घेऊन आल्या आणि त्यांच्यासमोर आमची आणि त्या मंडळींची अशा दोन्ही फाईली शेजारी-शेजारी उघडून दाखवायला लावल्या. त्या दिवसापासून आमच्या रोडबुकात एक जादा रकाना आहे : "का". हाच रस्ता का, याच दिशेने का, याच वेळी का. इटलीतल्या स्टेल्व्हिओवर, २७५७ मीटरची खिंड, ट्राफॉय गावाच्या बाजूने ४८ हेअरपिन आहेत, आकडे घातलेले. आम्ही त्या बाजूने चढवतो, उतरवत नाही, कारण चढावर वेग आपोआप मरतो आणि उतारावर सगळा भार पुढच्या ब्रेकवर येतो. तेही सकाळी लवकर, बस आणि सायकली यायच्या आधी. वर्षातून एक दिवस हा रस्ता फक्त सायकलींसाठी राखलेला असतो, ती तारीख आधी बघायची. हे सगळं त्या रकान्यात येतं.

नियमही बदलत राहतात. ऑस्ट्रियाच्या टिरोलमध्ये, रॉयटे जिल्ह्यातल्या काही रस्त्यांवर २०२० पासून उन्हाळी मोसमात ९५ डेसिबलपेक्षा जास्त स्थिर आवाज, म्हणजे उभ्या गाडीचा आवाज, नोंदलेल्या मोटारसायकलींना बंदी आहे. गाडीच्या कागदपत्रांत तो आकडा असतो. आमच्याकडून उचललेल्या जुन्या फाईली अजूनही लोकांना त्याच रस्त्यांवर नेतात. त्या मंडळींनी आजवर एका शब्दाने दिलगिरी व्यक्त केलेली नाही.

पुढच्या मोसमाचे आराखडे सध्या हातात आहेत. मागणी करताना भरल्या टाकीत गाडी खरोखर किती जाते, मागे कोणी बसणार आहे का, आणि नोंदणीतला आवाजाचा आकडा किती, हे तिन्ही कळवा. कुठल्या महिन्यात निघणार तेही लिहा. त्याशिवाय आम्ही पेन्सिल हातात घेत नाही.