कारणाचा रकाना

जिनात लागलेल्या आगीची नोंद केली. नोंदवहीत 'कारण' हा रकाना बोटभर रुंद आहे. 'कामगाराचा निष्काळजीपणा' एवढंच त्यात मावलं. खाली सही माझी. करताना हात अडलासुद्धा नाही, हे संध्याकाळपासून सलतंय.

डबल रोलरवर, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रावर, आग कशी लागते हे जिनातल्या कुणाला ठाऊक नाही? कापसातून खडा, खिळा, तारेचा तुकडा येतो, सुरीवर घासतो, ठिणगी पडते. रोलर सुरीवर जास्त दाबून बसवला तरी घासून तापतो. बेअरिंग कोरडं, त्यावर रुई गुंडाळलेली, तर तेही पुरे. ठिणगी जागीच विझली तर बरं. पंख्यानं ओढून रुईच्या ढिगात नेली तर आत धुमसत राहते, आणि दाबलेल्या गाठीत तर कित्येक दिवस पत्ता लागत नाही. म्हणून संशयाच्या गाठी गोदामात नको, लांब उघड्यावर.

या वेळी तार होती. सुरीवर ताजा ओरखडा होता. तार आली कशी? कापूस मातीच्या आवारात ओतला. कापसाच्या वाटेवरच्या लोहचुंबकानं धरली का नाही? त्यावर आधीच लोखंडाचा थर होता. पुसला का नाही? त्यासाठी पंखा थांबवावा लागतो. का थांबवला नाही? फाटकापासून रस्त्यापर्यंत गाड्या, आणि पाळीच्या हिशेबात गाठी असतात, पुसण्याची मिनिटं नसतात. एवढं विचारून झालं, तरी निष्काळजी माणूस कुठंच भेटला नाही.

टोयोटा या जपानी मोटार कंपनीतले अभियंता ताइइची ओनो असंच उदाहरण देत. यंत्र थांबलं, कारण फ्यूज उडाला. फ्यूज उडाला, कारण भार वाढला होता. भार वाढला, कारण बेअरिंगला पुरेसं तेल पोचत नव्हतं. तेल पोचत नव्हतं, कारण तेलाच्या पंपाचा दांडा झिजला होता, आणि तो झिजला कारण गाळणी नव्हती, लोखंडाचा कीस आत जात होता. नुसता फ्यूज बदलला असता तर तो पुन्हा उडाला असता. आमच्याकडे ती गाळणी म्हणजे हा चुंबक.

"माही चूक होती का जी?" त्या कामगारानं विचारलं होतं. मी 'नाही' म्हटलं, आणि वहीत 'होय' लिहिलं. घरी बाबांना हे सांगायचं होतं, पण... राहू दे.

लिहिलेलं खोडता येत नाही. पुरवणी पान जोडता येतं. उद्या जोडते. दर पाळीला पंखा बंद, पट्टा पूर्ण थांबल्यावरच चुंबक पुसायचा, निघालेलं लोखंड डब्यात ठेवून तोलायचं, वजन वहीत लिहायचं. पाळीच्या गाठी कमी पडतील. पडू देत. मालकांपुढे पान मीच ठेवीन, पण त्याआधी त्याला वाचून दाखवीन.